शिरूच्या पाठीमागची जागा

मी शाळेत गेले ती शिरूची शेपटी म्हणून. हजेरीपटावर नाव त्याचं, पाटी त्याची, दप्तर त्याचं, आणि त्याच्या मागं तरटाच्या टोकाला बसायचे ती मी. नातवंडं विचारतात, आजी, तुझ्या काळी मुलींना शाळेत पाठवायचे का, तेव्हा मी काहीतरी गुळमुळीत सांगून वेळ मारून नेते. खरं सांगायचं तर मला कुणी पाठवलं नव्हतं. माझा धाकटा भाऊ एकटा बसेना, म्हणून त्याच्याजवळ मला बसवलं होतं. पुढं तो शाळेतून सुटला, पण कसा सुटला हे मी आजवर कुणाला धड सांगितलेलं नाही. आता ज्यांना वाईट वाटलं असतं ती सगळी माणसं गेली, म्हणून लिहिते.

आमची वाडी खाडीच्या अलीकडे, रत्नागिरी शहर पलीकडे आणि मध्ये माणसं ने-आण करणारी होडी, तर, चालायची. मुलींची शाळा होती ती पलीकडे, म्हणजे आम्हांला ती काशीइतकीच लांब. बाबा एका गलबतावर तांडेल होते. गलबत त्यांच्या हुकमानं चालायचं, पण गलबताचे कागद मात्र त्यांना वाचता येत नसत. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिला की ते निघायचे, मंगळुरी कौलं भरून मुंबईपर्यंत जायचे, आणि येताजाता आमच्या बंदरात नांगर पडला तर एखादा दिवस घरी. ज्येष्ठात गलबत वर ओढून झावळ्यांनी शाकारलं की मग तीन महिने ते घरातच असायचे आणि घराला डांबराचा नि तंबाखूचा वास यायचा. दर खेपेला बंदरावरच्या कचेरीत त्यांना कारकुनापुढं उभं राहावं लागे. कारकून खुर्चीत बसून कागद वाचणार आणि वादळातून गलबत काढून आणलेला हा माणूस दोन्ही हात पुढं धरून उभा. ते त्यांच्या मनाला फार लागलेलं होतं. आपला मुलगा त्या खुर्चीत बसला पाहिजे, हे त्यांनी शिरू पाळण्यात असतानाच ठरवलं होतं.

आई सुंभ वळायची. नारळाची सोडणं खाडीच्या चिखलात पुरून ठेवायची, ती सडून मऊ झाली की काढायची, लाकडी मोगरीनं कुटून त्यांचा काथ्या करायचा आणि तो वळायचा. त्या कुटण्याचा धप् धप् आवाज आमच्या वाडीत कोंबड्याच्या आधी सुरू व्हायचा. कुजक्या सोडणांचा वास आईच्या हातांना कायमचा होता. तिनं भाकरी थापली तरी तो यायचा आणि आम्हांला त्याचं काही वाटायचं नाही. सकाळी उकड्या तांदळाची पेज आणि खारातल्या कैरीची फोड, दुपारी भात आणि जे जाळ्यात मिळेल त्याचं कालवण. बांगडा असला की आई शिरूला शेजारी घ्यायची आणि एकेक काटा काढून, बोटानं चाचपून बघून मग त्याच्या तोंडात घास घालायची. माझ्या ताटात बांगडा काट्यांसकट पडायचा. शिरू माझ्याहून अवघा दोन वर्षांनी लहान. मी मोजून बघत असे, आईची नजर आपल्या ताटाकडे किती वेळा वळते. बहुतेक वेळा वळतच नसे.

माझ्याआधी दोन मुलगे होऊन गेले होते, म्हणून शिरूच्या जन्माला वाडीत घरोघर साखर वाटली. माझ्या वेळी वाटली होती का, असं मी एकदा विचारलं, तर आईनं मला चूल फुंकायला सांगितलं. शिरू पाच वर्षांचा होईपर्यंत बोललाच नाही. आणि बोलू लागला तेव्हा स्वतःचं असं काही बोलला नाही. समोरच्याचा शेवटचा शब्द तेवढा परत द्यायचा. शिरू, पेज हवी? हवी. शिरू, कुठं चाललास? चाललास. गलबतावर खिळे ठोकायला लागले की कानांवर हात घेऊन घराच्या कोपऱ्यात जाऊन बसायचा. नेहमीच्या पायवाटेनं न नेता दुसऱ्या वाटेनं नेलं तर जमिनीवर लोळण घ्यायचा. आनंदात असला की उजव्या हाताची बोटं डोळ्यांपुढं फडफडवायचा. माझी नात डॉक्टर आहे. तिनं अशा मुलांसाठी आता एक इंग्रजी नाव असल्याचं मला सांगितलं. आमच्या वाडीत एकच नाव होतं, खुळा, आणि ते आईच्या कानावर पडू नये इतकी भीड लोक ठेवत असत. देवळात गाऱ्हाणी घालून झाली, अंगारे झाले. बाबा मात्र म्हणत, उशिरा बोलला एवढंच. पोर आता एकदा ऐकलं की परत म्हणून दाखवतं, याहून हुशारी ती काय असते?

सात वर्षांचा झाला तेव्हा नारळी पौर्णिमेच्या आधी बाबांनी त्याला शाळेत घातलं. देवळाशेजारच्या पडवीत आमची शाळा होती, एक मास्तर आणि चार इयत्ता. नवी पाटी, नवा सदरा, काळी टोपी. पाटीवर हळदकुंकू वाहून आईनं पूजा केली. मी दाराशी उभी राहून बघत होते आणि माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. मला अक्षरं लावता येत होती. साखरेच्या पुड्याच्या कागदावरची, देवळाच्या घंटेवरची, कुणी सांगितली की मी ती सोडत नसे. शिरूला पाटी चाटायची असते की लिहायची हेही ठाऊक नव्हतं.

पहिल्या दिवशी त्यानं पडवीत पाऊल ठेवलं मात्र, चाळीस पोरांचा एका सुरातला पाढा कानावर आला आणि तो असा ओरडायला लागला की खाडीवरची माणसं धावत आली. तीन दिवस हेच चाललं. मास्तर घाटावरचे, बारीक, खोकल्यानं बेजार झालेले. ते कंटाळून बाबांना म्हणाले, "बहिणीला बसवा चार दिवस त्याच्याजवळ. बुजलाय, सवय होईल." त्या चार दिवसांत मी शाळेत शिरले. मी मागं बसून त्याच्या पाठीवर हाताचा पंजा टेकवून ठेवला की तो ओरडत नसे. बाबा गलबतावर निघून गेले, चार दिवस संपले, आणि मला जा म्हणायचं कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. मी एक हात शिरूच्या पाठीवर ठेवायची आणि दोन्ही कान चारही इयत्तांकडे. बिगरीपासून चौथीपर्यंतचं जे जे त्या पडवीत म्हटलं जायचं ते सगळं माझं होत होतं.

पाटी मात्र त्याची होती. मी मागून हात घालून तिच्यावर अक्षरं काढायची, मास्तर वरून बघत जायचे आणि शिरूचं हजेरीपटावरचं नाव घेऊन म्हणायचे, शाबास श्रीधर. पहिल्यांदा मला हसू आलं. दहाव्यांदा आलं नाही. मग तोंडी प्रश्न सुरू झाले. मास्तरांनी विचारायचं, पाच चोक? उत्तर माझ्या जिभेवर असायचं, ते धरून ठेवणं मला जमायचं नाही, आणि मला तर कुणी विचारलेलं नसायचं. म्हणून मी शिरूच्या कानामागं हळूच म्हणायची, वीस. आणि शिरू त्याच्या त्या मोठ्या, सपाट आवाजात म्हणायचा, वीस. त्याला मार बसू नये म्हणून मी हे केलं असं लिहिलं तर छान दिसेल, पण तसं नव्हतं. माझं उत्तर मला मोठ्यानं ऐकायचं होतं, आणि त्यासाठी शिरूचं तोंड तेवढं मिळालं होतं.

पौषात सरकारी शाळातपासनीस, डिपोटी, तपासणीला आले. त्यांच्या नुसत्या नावानं मास्तर आठ दिवस आधीपासून जेवत नसत. पडवी सारवली, पोरांची नाकं लाल होईपर्यंत पुसली. मला मास्तर म्हणाले, तू आज दिसू नकोस, आणि मी खांबाआड, शिरूच्या पाठीला पाठ लावून बसले. डिपोटींनी बिगरीला विचारलं ते शिरूलाच विचारलं, टोपी नवी होती म्हणून असेल. चार प्रश्न. मी खांबाआडून पुटपुटलेली चारही उत्तरं शिरूनं खणखणीत दिली. डिपोटींनी त्याच्या गालाला हात लावला, मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि शिरूला तिथल्या तिथं पहिलीत बसवलं. महिन्याभरात बाबांचं गलबत बंदरात लागलं. आईनं त्यांना हे सांगितलं आणि वाडीत दुसऱ्यांदा साखर वाटली गेली. साखरेचं ताट घेऊन घरोघर मलाच पाठवलं. येसू, तुझा भाऊ नाव काढणार गो, असं जो तो मला म्हणत होता, आणि मी चिमूट चिमूट साखर त्यांच्या हातावर ठेवत होते. माझा चेहरा तेव्हा कसा होता कोण जाणे.

त्या दिवशी मी बोलायला हवं होतं हे मला आता कळतं. कारण मास्तरांना तेव्हापासून वाटू लागलं की या मुलाला सगळं येतं. मग कधी मी आईच्या कामामुळे उशिरा आले, किंवा खोकला आला, किंवा माझंच लक्ष चौथीच्या भूगोलाकडे गेलं, की शिरू प्रश्नातलाच शब्द परत द्यायचा आणि मास्तर म्हणायचे, लबाडी करतो. निगडीच्या छडीनं एखादी बसायची. बिगरीत त्याला कुणी मारलं नव्हतं. आता तो हुशार ठरला होता, म्हणून मार होता.

पुढच्या खेपेला बाबांनी मंगळुराहून पितळी दौत आणली. नारळाच्या करवंटीएवढी, झाकणाला बारीक साखळी. शिरूसाठी. मला हिरवी काकणं आणली होती. काकणं चांगली होती, वाडीतल्या दुसऱ्या कुठल्या मुलीकडे तशी नव्हती, आणि मी ती घालून आईला दाखवलीही. पण त्या दौतीवरून माझी नजर हटेना. शिरू तिचं झाकण उघडायचा, मिटायचा, उघडायचा, मिटायचा, दिवसभर. तिच्यात शाईचा एक थेंब कधी गेला नाही. मी एकदा हातात घेतली तर तो किंचाळला आणि आईनं माझ्या मनगटाला धरून ती काढून घेतली. "त्याची हाय ती," म्हणाली, "तुला काय करायची?" आईनं हे रागानंही म्हटलं नव्हतं. तिला खरंच वाटत होतं की मला दौतीचं काही काम नाही. मला इतकं झोंबलं की मी मागच्या अंगणात जाऊन माडाला लाथा मारल्या.

दुसऱ्या दिवशी शाळेत मी तोंड मिटून घेतलं. आधी ठरवलं होतं असं नाही. मास्तरांनी शिरूला उभं केलं आणि विचारलं, "सात पाचे?" पस्तीस माझ्या ओठांवर आलं आणि मी ओठ दाबून धरले. बघू दे म्हटलं एकदा सगळ्यांना.

"पाचे," शिरू म्हणाला.

मास्तर जवळ आले. "नीट बोल."

"बोल."

पोरं हसली. मास्तरांनी हात पुढं करायला लावला आणि छडी मारली. शिरूनं हात मागं घेतला नाही. हात मागं घ्यायचा असतो हे त्याला कळत नव्हतं. त्यानं मान वळवली आणि माझ्याकडे बघितलं. तो कुणाच्या तोंडाकडे असा कधी बघत नसे, नजर नेहमी बाजूला. त्या दिवशी मात्र तो माझ्या ओठांकडे बघत राहिला, ते हलण्याची वाट बघत. मास्तर म्हणाले, माजलास? तो म्हणाला, माजलास. मग मास्तरांचाही तोल गेला. किती बसल्या मी मोजल्या नाहीत. माझ्या नखांनी तरटाचं सूत उसवलं एवढं आठवतं. शेवटी शिरूच्या चड्डीतून पाणी वाहत तरटावर आलं तेव्हा मास्तर थांबले आणि खोकत जाऊन बसले.

मी त्याला खाडीवर नेलं, चड्डी धुतली, खडकावर वाळवली, वाळेपर्यंत त्याला झावळीच्या सावलीत बसवलं. हाताला ओला चिखल लावला. वाईट वाटत होतं का? वाटत होतं. पण त्याहून मोठी भीती होती. आईला कळलं तर ती याला घरी ठेवेल, आणि हा घरी राहिला तर मला शाळेत कोण बसू देणार? हजेरीपटावर माझं नाव नव्हतं. ज्याच्या मागं मी बसत होते तो उठला की माझीही जागा उठली. म्हणून मी घरी काही बोलले नाही. शिरू बोलणार नव्हताच.

उद्यापासून पूर्वीसारखं सांगायचं, असं मी मनाशी ठरवून टाकलं. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी विचारलं, मी लगेच कानामागं उत्तर दिलं. शिरू गप्प. मी पुन्हा दिलं, जरा मोठ्यानं. त्यानं मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि ओठ दाबून धरले. अगदी मी धरले होते तसे. सहा-सात महिने मी त्याच्या कानात इतकं ओतलं त्यातलं काही राहिलं नव्हतं. मी न बोलता केलेली एक गोष्ट तेवढी तो शिकला होता. त्यानंतर शाळेत त्याच्या तोंडून शब्द निघाला नाही आणि रोज त्याचे हात पुढं होत राहिले. मी रोज पाटीवर अक्षरं काढत होते, भूगोल ऐकत होते, आणि घरी जाताना त्याच्या तळव्यांना खोबरेल लावत होते. असे पंधरा-वीस दिवस मी काढले. हे वाक्य लिहायला मला तीन वेळा लेखणी खाली ठेवावी लागली.

सुंभानं ते उघडं पाडलं. जाड सुंभ वळायचं तर दुसऱ्या टोकाला कुणीतरी ताणून धरावं लागतं आणि जसजसं वळत जाईल तसतसं पावलापावलानं मागं सरकावं लागतं. शेजारच्या काकी त्या दिवशी आल्या नव्हत्या, मी पाण्याला गेले होते, म्हणून आईनं टोक शिरूच्या हातात दिलं. मी घागर घेऊन येते तो सुंभ खळ्यात पडलेलं आणि आई शिरूचे दोन्ही हात उताणे धरून बसलेली. तळवे सुजून फुगले होते. नव्या वळांखाली जुने हिरवट वळ होते.

"कधीपासनं गो?" आईनं विचारलं.

"आजच," मी म्हटलं.

 आई हिरव्या वळांवरून अंगठा फिरवत राहिली, आणि मला कळलं की तिला कळलं आहे. त्या रात्री तिनं मला जेवायला वाढलं, पण माझ्याकडे बघितलं नाही.

सकाळी ती आमच्याबरोबर शाळेत आली. बाईमाणसानं पडवीची पायरी चढायची रीत नव्हती, म्हणून ती खाली उन्हात उभी राहिली आणि शिरूचे हात धरून तिनं वर केले. मास्तर, हे बघा, एवढंच म्हणाली. मास्तर खाली आले. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी आईला बसायला पाट मागवला, ती बसली नाही. "बाई," मास्तर म्हणाले, "मलाही दुःख होतं. पण याला सगळं येतं. डिपोटी साहेबांपुढं एक उत्तर चुकला नाही. तीस वर्षं शिकवतोय, असा मुलगा माझ्या हाताखाली दुसरा आला नाही. आता हट्टानं गप्प बसतो. हा हट्ट आज मोडला नाही तर पोर वाया जाईल."  मुलगा खुर्चीत बसावा म्हणून बाबा दर्यावर होते, आणि हा शिकलेला माणूस सांगत होता की तो बसेल. आईनं शिरूचे हात खाली सोडले. तिच्या चेहऱ्यावर मी बघितलं, ती डगमगत होती. आणखी एक शब्द मास्तर बोलले असते तर ती त्याला तिथं ठेवून परत गेली असती.

शिरूचे हात बघून माझा धीर सुटला, असं मी पुढं आयुष्यभर लोकांना सांगू दिलं. तसं झालं नाही. माझ्या डोक्यात एकच घुमत होतं, असा मुलगा दुसरा नाही. साखर त्याची, दौत त्याची, आणि आता मास्तरांच्या तीस वर्षांतला पहिला मानही त्याचाच. मला ते सहन होईना.

"ती उत्तरं माजी होती," मी म्हटलं. "डिपोटींची पण. मी मागनं सांगायचे. त्याला काय येत नाय."

मास्तरांनी माझ्याकडे प्रथमच नीट बघितलं असावं. "सतरा सक्कं?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं, एकशे दोन. त्यांनी चौथीचं विचारलं, गोदावरी कुठं उगम पावते, तेही सांगितलं. मास्तर पायरीवर बसले. आधी त्यांच्या मनात काय आलं कोण जाणे, ते हळू आवाजात म्हणाले की हे साहेबांच्या कानावर जाता कामा नये. मग शिरूच्या हातांकडे त्यांचं लक्ष गेलं आणि त्यांनी मान खाली घातली ती आम्ही निघेपर्यंत वर केली नाही.

आईनं दप्तर माझ्या खांद्यावर दिलं आणि शिरूला नेहमीच्या पायवाटेनं घरी आणलं. वाटेत तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "बरं केलंस बाय, बोललीस. पोराला वाचवलंस." तिचा हात असा मिळावा म्हणून मी नऊ वर्षं झुरत होते, आणि मिळाला तो चोरीच्या मालासारखा. आपण तोंड का मिटलं होतं ते तेव्हाच सांगायला हवं होतं. मी तो हात डोक्यावरून काढू दिला नाही.

शिरू घरी राहिला आणि मीही. चैत्र-वैशाख आई नि तो सुंभ वळत होते. हात बरे झाल्यावर त्यानं टोक धरलं आणि मग ते काम त्याचंच झालं. आई बसून वळायची, तो एकेक पाऊल मागं सरकत माडांतून पुळणीच्या वाळूपर्यंत जायचा, नजर सुंभावर, कंटाळा कसला तो नाही. मधेच आई काहीबाही म्हणायची, दमलास का रे, आणि लांबून त्याचा आवाज यायचा, रे. घरी तो पुन्हा बोलायला लागला होता. दोघांच्या मध्ये ताणलेलं ते सुंभ मी दारात बसून बघायची. मला कुणी धर म्हणत नव्हतं, कारण मी धरलं तर ढिलं पडायचं.

ज्येष्ठात बाबा आले. दुपारी जेवताना त्यांनी विचारलं, पोर शाळेत का गेलं नाही, आणि आईनं सगळं सांगितलं. बाबांनी घास तसाच ताटात ठेवला. ते ओरडले नाहीत, त्यामुळे जास्त भीती वाटली. ते म्हणाले, मार सगळ्यांनाच बसतो, श्रावणात पुन्हा घालू, मी स्वतः मास्तरांशी बोलतो. दर्यावर त्याला नेता येत नाही, शाळेतही नाही, मग आपल्यामागं या पोरानं करायचं काय, ते सांग. 

आई शिरूच्या बांगड्याचे काटे काढत होती. तिनं मान वर केली नाही. "तुमी त्याला गलबतावर नेत नाय, बुडंल म्हणून," ती म्हणाली. "मी त्याला शाळंत पाठवत नाय, तेवढ्यासाठीच."

 मग बाबांनी शिरूचं ताट आपल्याकडे ओढलं आणि जाड बोटांनी काटे काढायला लागले. त्यांना ते नीट जमत नव्हतं. आई हात धुऊन आली, माझ्याकडे बोट करून म्हणाली, "पाटी हाय, दप्तर हाय, पोर हाय. हिचं नाव तेवढं घाला." बाबा म्हणाले, ही काय कचेरीत बसणार? आई म्हणाली, नाही बसली तर तुमचे कागद तरी वाचून दाखवील. मी माझ्या बांगड्याचे काटे काढत होते. लक्ष त्यांच्या बोलण्याकडे होतं, एक काटा घशात गेला आणि भाताचा कोरडा गोळा गिळून मी तो खाली ढकलला.

हजेरीपटावर माझं नाव पडलं. पहिल्या दिवशी मी त्याच तरटावर बसले, पुढं कुणी नव्हतं. मास्तरांनी मला उभं करून काहीतरी सोपं विचारलं. मला येत होतं. मी तोंड उघडलं आणि कुजबुज बाहेर आली. मोठ्यानं, मास्तर म्हणाले. पुन्हा तेच. इतके महिने मी दुसऱ्याच्या कानाएवढ्याच आवाजात बोलले होते, आणि आता पडवीभर ऐकू जाईल असा आवाज मला सापडेना. तो सापडायला चार महिने लागले. तोवर मास्तर स्वतः जवळ येऊन, वाकून माझं उत्तर ऐकून जात. मला त्यांनी छडी कधी लावली नाही.

त्या पहिल्या दिवशी संध्याकाळी मी धावत घरी आले आणि शिरूपुढं बसले. तो दौतीचं झाकण उघडत-मिटत होता. मी म्हटलं, शिरू, माझं नाव घातलं शाळेत. म्हण, शाळेत. त्यानं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि ओठ दाबून धरले. मी म्हटलं, म्हण, येसू. ओठ तसेच. आतून आई म्हणाली, शिरू, दिवा लावायची वेळ झाली, आणि तो लगेच म्हणाला, झाली.

आई गेल्यावर शिरू माझ्याकडेच राहिला, शहरातल्या घरी, शेवटपर्यंत. तीस वर्षं मी त्याला वाढलं, त्याच्या माशाचे काटे काढले. तो सगळ्यांचे शब्द परत द्यायचा: माझ्या नवऱ्याचे, मुलांचे, दारावर येणाऱ्या मासेवालीचे. मी बोलले की ओठ मिटायचे. त्यात राग नव्हता, त्याला राग कधी आलाच नाही. माझ्या तोंडाला तसंच उत्तर द्यायचं असतं असं तो शिकला होता, आणि शिकलेलं तो विसरत नसे. लोक म्हणत, येसूताईंनी भावासाठी किती केलं, आणि आईनं वाचवलंस म्हटलेलं मला आठवायचं. सकाळी दूधवाला हाक मारायचा, काय शिरूभाऊ, बरं आहे ना? मी स्वयंपाकघरात भांडं हातात धरून थांबायची. बाहेरून शिरूचा तो मोठा, सपाट आवाज यायचा, ना. मला त्या दूधवाल्याचा हेवा वाटायचा.